नेट तुटल्यावरही हाताशी राहणारी साधने : सेलूतून घरबसल्या काम करताना केलेली पारख

घरून काम करण्यासाठी कोणती ऑनलाइन साधने चांगली, यावर लिहिलेली परीक्षणे मुबलक आहेत. मात्र ज्यांच्या घरची लाइट सहसा जात नाही अशा लोकांनी ती लिहिलेली असतात, हे दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदातच कळते. त्यांत सुविधांची लांबलचक जंत्री असते, दिसण्याला गुण दिलेले असतात, आणि परभणी जिल्ह्यातील सेलूसारख्या तालुक्याच्या गावी बसून पुण्याचे काम करणाऱ्याला पडणारा पहिला प्रश्न तेवढा राहून गेलेला असतो : काम निम्म्यावर असताना नेट तुटले, तर हे साधन काय करते? मी मराठी मजकुराचे संपादन आणि भाषांतर करते. आमचे धाकटे दीर पुण्यातील एका कर सल्लागाराचे हिशेब टॅली या सॉफ्टवेअरवर सांभाळतात. मार्च २०२० च्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईहून मराठवाड्यात परतलेल्यांपैकी पुष्कळ जण पुन्हा गेले, काही इथेच राहून तेच काम करू लागले, आणि आमचे घर त्या दुसऱ्या गटातले आहे. पुढील पारख या दोन प्रकारच्या कामांपुरती आहे. व्हिडिओ संकलन करणाऱ्यांनी किंवा सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी ती जशीच्या तशी घेऊ नये.

साधनांआधी जोडणीविषयी लिहिणे भाग आहे. कंपनीचा माणूस सर्वप्रथम वेगाचा आकडा सांगतो आणि आपणही त्याच आकड्याला भुलतो. प्रत्यक्षात कार्यालयीन कामाला लागणारा वेग फारच थोडा असतो. झूमच्या स्वतःच्या माहितीनुसार दोघांमधील ७२०पी दर्जाच्या व्हिडिओ संभाषणाला १.२ एमबीपीएस आणि नुसत्या आवाजाला ६० ते ८० केबीपीएस वेग पुरतो, म्हणजे २०२० मध्ये जिओफायबरने ३९९ रुपयांत आणलेली ३० एमबीपीएसची योजनासुद्धा दोन माणसांच्या कामाला पुरून उरावी. मीटिंगमध्ये आवाज तुटतो तो वेग कमी आहे म्हणून क्वचितच. बहुधा जोडणी मध्येच क्षणभर गळते म्हणून तुटतो. त्यामुळे वेग किती यापेक्षा, तुमची तार घरापर्यंत काचेची येते की शेवटच्या टप्प्यात तांब्याची होते, हे विचारून घेणे अधिक महत्त्वाचे आहे.

या दोहोंतला फरक लाइट गेल्यावर कळतो. खऱ्या एफटीटीएच (घरापर्यंत थेट फायबर, म्हणजे काचेची तार) जोडणीत एक्स्चेंजमधील यंत्रापासून घरातल्या ओएनटीपर्यंत (काचेची तार जिच्यात येते ती पेटी) मधल्या वाटेवर विजेची गरजच नसते. खांबावर बसवलेले स्प्लिटर प्रकाशाची नुसती वाटणी करतात आणि त्यासाठी त्यांना करंट लागत नाही. एक्स्चेंजच्या बाजूला बॅटरी वा जनरेटर आहे आणि आपल्या घरी ओएनटीला बॅकअप आहे, एवढे असले की सबंध गाव अंधारात असतानाही नेट चालू राहते. याउलट गल्लीतल्या केबलवाल्यांची जुनी पद्धत अशी की फायबर चौकापर्यंत आणायची, कोणाच्या तरी गच्चीवर पेटीत स्विच बसवायचा, त्याला त्याच घरातून वीज द्यायची आणि तिथून पुढे लॅनची तार घरोघर सोडायची. अशा जोडणीत आपल्याकडे इन्व्हर्टर असूनही उपयोग नसतो, कारण गच्चीवरचा स्विच बंद पडलेला असतो. आमच्या आधीच्या जोडणीचे असेच होते. फोन केला की ‘ताई, लाइट आली की नेट येईल’ एवढेच उत्तर मिळायचे. बीएसएनएलची फायबर असो, खासगी कंपनीची असो किंवा स्थानिक माणसाची असो, घरात ओएनटी बसते का आणि तिच्यात थेट काचेची तार येते का, हे पाहिल्याशिवाय वर्षभराचे पैसे आगाऊ भरू नयेत.

ओएनटी आणि राउटरसाठी मिळणारा मिनी यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर त्यांना चालू ठेवणारी छोटी बॅटरी, ही या सगळ्या खरेदीतली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी वस्तू आहे. ती घेताना अडॅप्टरवर छापलेले आकडे वाचावेत. ओएनटी बहुधा १२ व्होल्टची असते, काही जुने राउटर ९ व्होल्टचे असतात, आणि अँपिअरचा आकडा यूपीएसच्या क्षमतेपेक्षा जास्त असेल तर यंत्र पुनःपुन्हा चालू-बंद होत राहते. घरात इन्व्हर्टर असला तरी मी मिनी यूपीएस वेगळा ठेवण्याच्या मताची आहे, कारण इन्व्हर्टरवर जाताना लागणाऱ्या निमिषार्धात काही ओएनटी बंद पडून नव्याने सुरू होतात आणि मग दोन-तीन मिनिटे मीटिंगमधून आपण गायब असतो. इन्व्हर्टरचा हिशेब साधा आहे. १२ व्होल्टची १५० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. लेड-अॅसिड बॅटरी निम्म्यापेक्षा अधिक उपसू नये असे धरले तर हाती ९०० उरतात. लॅपटॉप, एक पंखा आणि ओएनटी मिळून दीडशे वॅटच्या घरात जातात, म्हणजे इन्व्हर्टरमधली घट धरून पाच तासांच्या आसपास काम होते. त्यावर कूलर लावला की हाच काळ निम्म्याहून खाली येतो. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच घ्यावा. स्क्वेअर वेव्हवर पंखा घुं घुं करतो, तो आवाज माइकमध्ये जातो, आणि अडॅप्टर तापतो ते वेगळेच.

महावितरणच्या ग्राहक क्रमांकाशी मोबाइल क्रमांक जोडून ठेवला तर दुरुस्तीसाठी ठरवून वीज बंद ठेवायची असेल तेव्हा एसएमएस येतो. मे-जूनमध्ये पावसाळ्याच्या आधी तारांवरच्या फांद्या तोडण्याची कामे निघतात, तेव्हा हा एसएमएस सोन्यासारखा असतो. वळवाच्या विजांबाबत मात्र कोणतेही साधन कामाचे नाही. ढग गडगडू लागले की अडॅप्टर आणि लॅनची तार दोन्ही काढून लॅपटॉप बॅटरीवर घ्यावा. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही, परंतु अडॅप्टरमधून आलेला झटका ओएनटी जाळायला पुरतो.

आमच्या घराचा मागचा भाग जुना, माळवदाचा (मातीच्या सपाट छताचा) आहे, आणि वायफायच्या दृष्टीने ती एक स्वतंत्र अडचण आहे. दगडमातीच्या दोन-अडीच फूट जाड भिंतीतून ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल जवळजवळ पार होतच नाही, २.४ गिगाहर्ट्झचा मंद का होईना पोहोचतो. दुकानदार अशा वेळी रिपीटर गळ्यात मारतात, पण रिपीटर कमकुवत सिग्नलच पुढे ढकलतो. दाराच्या चौकटीतून लॅनची तार ओढून पलीकडच्या खोलीत दुसरा साधा राउटर बसवणे, हा उपाय दिसायला गावठी असला तरी कायमचा आहे. माळवदाची खोली उन्हाळ्यात थंड राहत असल्यामुळे हा खटाटोप करणे परवडते, त्याविषयी पुढे लिहिते.

पर्यायी जोडणी म्हणून मोबाइलचा हॉटस्पॉट ठेवावाच, परंतु दोन कंपन्यांची दोन सिमे घेतली की आपण सुरक्षित झालो, असे समजू नये. अनेक ठिकाणी दोन-तीन कंपन्यांचे अँटेना एकाच टॉवरवर असतात आणि त्या टॉवरची बॅटरी संपली की सगळेच एकदम जातात. गावाच्या दुसऱ्या बाजूच्या टॉवरवरून चालणारे सिम कोणते, हे घराच्या गच्चीवर दोन्ही फोन घेऊन पाहिल्याखेरीज कळत नाही. शिवाय व्हिडिओसह तासभराची मीटिंग जीबीभर डेटा सहज खाते, त्यामुळे रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये हॉटस्पॉटवर व्हिडिओ बंद ठेवणेच शहाणपणाचे. नुसत्या आवाजाला तासाला शंभर एमबीदेखील लागत नाहीत.

आता मूळ साधने. मजकुराच्या कामासाठी माझी पहिली पसंती गूगल डॉक्सला आहे, आणि ती सगळीकडे सांगितल्या जाणाऱ्या कारणासाठी, म्हणजे अनेकांनी एकाच वेळी लिहिता येते यासाठी, नाही. नेट नसताना ते ज्या रीतीने वागते, त्यासाठी आहे. ही सुविधा आपोआप चालू नसते. क्रोम किंवा एज ब्राउझरमध्ये गूगल ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये जाऊन ऑफलाइनचा पर्याय निवडावा लागतो, तो नेट असतानाच निवडावा लागतो, आणि ज्या ब्राउझरमध्ये निवडला त्यातच तो लागू राहतो. महत्त्वाची फाइल असेल तर तिच्यापुरते ‘ऑफलाइन उपलब्ध’ असे स्वतंत्रपणे ठरवून ठेवावे. एवढे केले असल्यास नेट तुटल्यावर शीर्षकाशेजारचे ढगाचे चिन्ह बदलते, मजकूर या उपकरणावर साठवला जात असल्याची बारीक अक्षरांतली नोंद दिसते, आणि टंकलेखन जसेच्या तसे चालू राहते. नेट परत आले की काही क्षणांत सगळे वर जाते आणि पुण्यात बसलेल्या संपादकाला मधल्या खंडाचा पत्ताही लागत नाही. एक खबरदारी मात्र घ्यावी लागते. दोघांनी नेट नसताना एकाच परिच्छेदात बदल केले, तर नंतर दोघांचे शब्द एकमेकांत गुंतून वाक्याचा चुथडा होतो, त्यामुळे सकाळीच कोणी कोणता भाग घ्यायचा हे ठरवून टाकणे बरे.

डॉक्समधील सुचवण्या देण्याची सोय आणि जुन्या आवृत्त्यांकडे परतण्याची सोय या दोन गोष्टी संपादनाच्या कामात अमूल्य आहेत. आवृत्तीला नाव देता येते, हे पुष्कळांना माहीत नसते; ‘लेखकाकडे पाठवण्यापूर्वी’ असे नाव देऊन ठेवले की पुढे वाद झाला तरी कोणी कोणता शब्द कधी बदलला हे उघड असते. उणीव अशी की दोनशे पानांचे हस्तलिखित एकाच फाइलमध्ये ठेवले तर साध्या लॅपटॉपवर डॉक्स जड होते आणि देवनागरीत कर्सर मागे रेंगाळतो. प्रकरणागणिक फाइल करणे हाच त्यावर उपाय आहे.

मायक्रोसॉफ्टच्या बाजूला, संगणकावर बसवलेले वर्ड नेटशिवाय उत्तम चालते आणि मोठ्या मजकुराला ते डॉक्सपेक्षा निश्चितच दमदार आहे. ब्राउझरमधले मोफत वर्ड मात्र नेट गेल्यावर उपयोगाचे राहत नाही. मोफत साठवणुकीतही फरक आहे : गूगलची १५ जीबी, तीही जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांत मिळून, आणि वनड्राइव्हची ५ जीबी. लिबरऑफिस पूर्णतः मोफत आहे, संगणकावरच चालते आणि मराठीत पीडीएफ व्यवस्थित तयार करते. एकट्याने काम करणाऱ्या आणि वर्डचे परवाना शुल्क न परवडणाऱ्या माणसाला मी लिबरऑफिसच सुचवेन; फक्त ग्राहकाला वर्डचीच फाइल हवी असेल, तर तक्ते आणि तळटीपा दोन्हीकडे सारख्या दिसतात का, हे पाठवण्यापूर्वी पाहावे.

मराठी टंकनासाठी विंडोजमधील इनस्क्रिप्ट किंवा ध्वन्यनुसारी कळफलक वापरावा, कारण दोन्ही नेटशिवाय चालतात. बोलून टंकण्याची डॉक्समधील सोय मराठीत उपलब्ध आहे आणि पहिल्या खर्ड्यासाठी ती चांगली आहे, पण तिला नेट लागते, विरामचिन्हे मराठीत बोलून पडत नाहीत, आणि भाषा प्रमाण ठेवावी लागते. ‘मी करायलो’, ‘तो जायला’ असे आपल्याकडचे घरगुती बोलणे तिच्यापुढे ठेवले तर ती अडखळते. कित्येक छापखान्यांतून अजूनही जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधले मजकूर येतात आणि आपल्या पडद्यावर ते निरर्थक अक्षरांचे ढीग दिसतात. त्यासाठी रूपांतरकाची सोय आधीच संगणकावर करून ठेवावी. संदर्भासाठी शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील मराठीचे जुने कोश विनामूल्य शोधता येतात. नेट नसताना मात्र कपाटातल्या कोशाला पर्याय नाही.

मीटिंगच्या साधनांवर फार शाई खर्च करण्याची गरज नाही, कारण कोणते वापरायचे हे बहुधा पलीकडचा माणूस ठरवतो. मोफत वापरात झूमची मीटिंग ४० मिनिटांत संपते. गूगल मीटमध्ये तीन किंवा अधिक माणसे असल्यास ६० मिनिटांची मर्यादा आहे, दोघेच असाल तर २४ तासांची. दोन्हींत १०० जण सामावतात. झूमची ४० मिनिटांची मर्यादा मला तर उपकारकच वाटते. कमी नेटवर मीटच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा दर्जा ३६०पीपर्यंत खाली आणता येतो, आणि हा पर्याय मीटिंगला बसण्यापूर्वीच निवडून ठेवावा. झूमची भोवतालचा आवाज दाबण्याची सोय प्रभावी आहे. तिची सर्वांत वरची पातळी निवडली तर कूलरची घरघर आणि शेजारच्या लग्नातला बँड बराच मागे पडतो. हरिनाम सप्ताहाच्या कर्ण्यापुढे मात्र तिचेही चालत नाही. तेव्हा तोंडाजवळ माइक असलेला तारेचा साधा हेडफोनच खरा कामाला येतो, आणि तोही चार्ज करावा लागत नाही हे विशेष.

नेट अगदीच क्षीण असेल तेव्हा व्हॉट्सअॅपचा आवाजी कॉल या दोन्हींपेक्षा तग धरतो, असा माझा अनुभव आहे. त्यात आता ३२ जण बोलू शकतात आणि ऑगस्ट २०२३ पासून व्हिडिओ कॉलमध्ये आपला पडदाही इतरांना दाखवता येतो. परंतु व्हॉट्सअॅप बोलायला जितके चांगले, तितकेच कामाची नोंद ठेवायला वाईट आहे. ‘हे शुक्रवारपर्यंत हवे’ हा निरोप शुभ सकाळच्या फुलांखाली आणि कोणाच्या तरी वाढदिवसाच्या केकखाली दबून जातो, आणि फोटो म्हणून पाठवलेले मुद्रितशोधनाचे पान इतके दाबले जाते की अनुस्वार आणि रफार ओळखू येत नाहीत. ते नेहमी डॉक्युमेंट म्हणूनच पाठवावे. कामाची नोंद ठेवण्यासाठी ट्रेलो चांगले आहे, मोबाइलवरील अॅपमध्ये नेट नसतानाही कार्डे एका यादीतून दुसरीत हलवता येतात. स्लॅक या कार्यालयीन संभाषणाच्या अॅपच्या मोफत योजनेत ९० दिवसांपेक्षा जुने संभाषण दिसत नाही, त्यामुळे वर्षभर चालणाऱ्या पुस्तकाच्या कामाला ते निरुपयोगी. खरे सांगायचे तर दोन-चार माणसांच्या कामाला यांपैकी काहीच लागत नाही. प्रकरणाचे नाव, कोणाकडे आहे, कधी द्यायचे आणि दिले का, एवढे चार रकाने असलेली गूगल शीट सर्वांना दिसत असली की काम निभावते, आणि ती शिकवायला कोणाला बसवावे लागत नाही.

टॅलीच्या कामाची गोष्ट वेगळी आहे. तिथे हिशेबाची मूळ फाइल पुण्याच्या कार्यालयातल्या संगणकावर असते आणि दूरस्थ पडद्यावरून, तो संगणक इथून चालवून, काम करावे लागते, म्हणजे नेट तुटले की काम तुटलेच. तरीही हे काम कमी वेगावर निभते याचे कारण टॅलीत जवळपास सगळे कळफलकावरून होते आणि पडद्याचा थोडाच भाग दर वेळी बदलतो, त्यामुळे तारेवरून जाणारा मजकूर अल्प असतो. क्रोम रिमोट डेस्कटॉप मोफत आहे, किमान सहा आकडी पिन मागते, आणि जोडणी तुटली तरी तिकडच्या संगणकावरचे व्हाउचर जिथल्या तिथे उघडे राहते. एनीडेस्क अधिक चपळ आहे, परंतु मोफत वापर वैयक्तिक कामापुरताच आहे. व्यवसायासाठी परवाना घ्यावा, नाहीतर ऐन २० तारखेला, जीएसटीचे ३बी हे मासिक विवरणपत्र भरायची घाई असताना, ते जोडणी तोडायला लागते. दिरांचा यावर साधा नियम आहे : नोंदी दुपारच्या आत उरकायच्या, आणि विवरणपत्राचे काम शेवटच्या दिवसावर ठेवायचे नाही.

एनीडेस्कचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट स्पष्ट लिहिते. याच प्रकारची अॅप फोनवर बसवायला सांगून बँक खाती रिकामी करण्याचे प्रकार झाल्यामुळे रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या फेब्रुवारीत बँकांना सावध केले होते. आपण स्वतः कामासाठी जोडणी करणे आणि फोनवरच्या अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून करणे, यांत अंतर आहे. घरबसल्या टंकलेखनाचे काम देतो म्हणून आधी नोंदणीचे पैसे मागणारे, आणि काम दिल्यावर चुका काढून वकिलाची नोटीस पाठवण्याची धमकी देणारे, हे आपल्या भागात नोकरी शोधणाऱ्या पदवीधर मुलामुलींना नेमके गाठतात. काम देणारा आपल्याकडून पैसे मागत असेल तर ते काम नव्हे. पैसे गेलेच, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवावी. उशीर होईल तसे रक्कम गोठवण्याची शक्यता कमी होत जाते.

पासवर्ड आणि ओटीपीचा प्रश्नही शेवटी नेटवर्कपाशीच येऊन थांबतो. एसएमएसने येणारा ओटीपी टॉवर बंद असताना येत नाही, आणि फायबरचे नेट उत्तम चालू असूनही आपण खात्याबाहेर उभे राहतो. गूगल ऑथेंटिकेटरसारखे अॅप दर ३० सेकंदांनी बदलणारा कोड फोनच्या घड्याळावरून तयार करते. त्याला ना सिम लागते ना नेट. जिथे शक्य आहे तिथे एसएमएसऐवजी हा पर्याय निवडावा, आणि गूगल देते ते दहा राखीव कोड कागदावर लिहून घरातल्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावेत. पासवर्ड साठवण्यासाठी बिटवॉर्डन हे अॅप मोफत आहे आणि त्यातली एकदा उघडलेली पासवर्डची तिजोरी नेट नसतानाही वाचता येते. कागद स्कॅन करण्यासाठी अजूनही काही जण जुन्या फोनवर कॅमस्कॅनर चालवतात. जून २०२० मध्ये सरकारने बंदी घातलेल्या ५९ अॅपमध्ये ते होते. ड्राइव्हच्या अॅपमध्येच स्कॅनची सोय आहे, ती पुरेशी आहे.

ड्राइव्हवर फाइल आहे म्हणजे प्रत राखली आहे, असा समज सर्रास दिसतो. इथून फाइल पुसली की तिथूनही पुसली जाते आणि कचरापेटीत ती ३० दिवसच राहते. दर आठवड्याला चालू कामाची प्रत बाहेरील हार्डडिस्कवर घ्यावी. पेनड्राइव्हवर फार विसंबू नये.

खोलीविषयी सांगायचे राहिले. बहुतेक लॅपटॉप सभोवतालच्या ३५ अंश तापमानापर्यंत नीट चालतील अशा बेताने बनवलेले असतात, आणि परभणीकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा ४२-४३ ला सहज जातो. पत्र्याच्या खोलीत त्याहून अधिक. अशा उष्म्यात प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, पंखा किंचाळत राहतो आणि बॅटरीचे आयुष्य घटते. कूलर थेट लॅपटॉपवर सोडू नये, कारण त्याच्या हवेत ओल असते. म्हणूनच माळवदाची खोली, किंवा तशी सोय नसेल तर पहाटे पाच ते अकरा हा वेळ, उन्हाळ्यात मी जड कामाला देते आणि दुपारी नुसते वाचन किंवा फोनवरची कामे ठेवते. लॅपटॉप उंचावर ठेवून वेगळा कळफलक जोडणे मानेसाठी आवश्यक आहे. त्यासाठी स्टँड विकत न घेता जाडजूड दिवाळी अंकांचा ढीग वापरला तरी चालते.

घरी असणारा माणूस मोकळाच असतो, अशी जी समजूत आहे तिच्यावर कोणतेही अॅप नाही. नळ चार-सहा दिवसांनी येतो, त्याची वेळ ठरलेली नसते, आणि पाणी आले की मीटिंग असो वा नसो, ‘वहिनी, घरीच हाव ना, मोटर लावा बरं’ अशी हाक भिंतीपलीकडून येते. मी पुण्याच्या मंडळींना सरळ सांगून टाकले आहे की पाणी आल्यावर पंधरा मिनिटे मी नसेन. कोणी वाईट मानले नाही. परीक्षेच्या मोसमात गावातल्या अभ्यासिकांत इन्व्हर्टर आणि शांतता दोन्ही मिळते, महिन्याच्या शुल्कात एकाग्रतेच्या कामासाठी ती जागा उत्तम आहे, मात्र तिथे फोनवर बोलता येत नाही.

राहता राहिली तासांवर पैसे देणाऱ्या कामांसाठी वापरली जाणारी देखरेखीची साधने. अपवर्कसारख्या, बाहेरची कामे मिळवून देणाऱ्या संकेतस्थळावर तासाच्या दराने काम घेतले तर त्यांचे अॅप दर दहा मिनिटांच्या खंडात पडद्याचे एक चित्र टिपते आणि कळफलकाची हालचाल मोजते. शहरातल्या माणसाला यात फक्त पाळतीचा प्रश्न दिसेल; इथे आणखी एक प्रश्न आहे, तो असा की छापील कोश उघडून एका शब्दासाठी घालवलेला वेळ या हिशेबात रिकामाच ठरतो. त्यामुळे मी भाषांतर शब्दांवर आणि संपादन पानांवर ठरवते, दर तोंडी न ठरवता पहिल्याच मेलमध्ये लिहून घेते, आणि काम सोपवण्याची वेळ ‘आज संध्याकाळी सहा’ अशी कधीच न देता ‘उद्या सकाळी दहा’ अशी देते. दरम्यान रात्री केव्हातरी लाइट येतेच.